हे तू बघितलंच पाहिजेस



आपल्या गावची फिल्म सोसायटी चालवणाऱ्या सरांच्या नावाच्या व्याख्यानमालेत बोलायचं आमंत्रण आलं, तेव्हा विषय कोणता घ्यायचा याचा मला विचार करावा लागला नाही. सरांबरोबर ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांना त्यांची एक सवय आठवत असेल. सर पहिली पाच मिनिटं पडद्याकडे बघायचे. मग खुर्ची किंचित तिरकी करून घ्यायचे आणि आपल्याकडे बघत बसायचे. त्यांचा तो सिनेमा आठ-दहा वेळा पाहून झालेला असायचा. आता आपण कुठे हसतो, कुठे हसायचं राहून जातं, याच्यावर त्यांचा डोळा. आपण हसलो की त्यांचा चेहरा असा फुलायचा की वाटावं, सिनेमा त्यांनीच काढलाय.

तर आज मी आवडीचे सिनेमे, आणि त्यातही ब्रिटिश टीव्हीवरच्या विनोदी मालिका, आपल्यासारख्याच वेड्यांना दाखवण्याबद्दल बोलणार आहे. ‘हे तू बघितलंच पाहिजेस’ असं आपण कुणाला तरी हात धरून सांगतो ना, त्या सांगण्याबद्दल. त्या एका आग्रहाने किती गोष्टी जगात टिकल्या आणि किती नव्याने जन्माला आल्या, हे बघत गेलं की मी थक्क होते.

माझी सुरुवात 1986 च्या दिवाळीत झाली. मामा लंडनहून आला होता. त्याच्या बॅगेत एक काळी कॅसेट होती आणि तिच्यावर टीव्हीवरून उतरवून घेतलेले ‘फॉल्टी टॉवर्स’चे तीन भाग. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट आपल्याकडच्या व्हीसीआरवर धड लागायची नाही, कारण तिकडची पद्धत एनटीएससी. इंग्लंडची आणि आपली पद्धत एकच, पाल. त्यामुळे मामाची कॅसेट चालली. एवढ्याशा तांत्रिक गोष्टीने माझ्या आवडीनिवडीला कायमचं वळण लावलं, असं मी आजही मानते. व्हीसीआर चोवीस तासांच्या भाड्याने आणलेला. भाडं वसूल करायचं म्हणून वाड्यातली सगळी बिऱ्हाडं माजघरात जमली.

मालिका अशी: इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावात एक छोटं हॉटेल आहे. मालक बेसिल फॉल्टी. गिऱ्हाइकांशी उर्मट, बड्या लोकांपुढे लाचार, बायकोला घाबरणारा आणि सदैव काहीतरी लपवू पाहणारा. त्या रात्री जो भाग लागला त्यात बेसिल मोठ्या पाहुण्यांसाठी एका रेस्टॉरंटमधून बदक आणायला मोटारीने निघतो आणि मोटार वाटेत बंद पडते. तो तिला दम देतो. तीन आकडे मोजतो. मग रस्त्याकडेला पळत जातो, झाडाची एक लांब फांदी घेऊन येतो आणि मोटारीला झोडपून काढतो.

माझ्या आजीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तोवर ती वाती वळत कोपऱ्यात बसली होती. फांदीचा पहिला फटका बसला आणि आजीच्या हातातला कापूस खाली पडला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, “अगं, तुझे आजोबा! विहिरीवरच्या इंजिनाला अगदी असेच बडवायचे.” मग तिने आजोबांच्या इंजिनाची सगळी हकिकत सांगितली. आम्हाला कुणालाच ती माहीत नव्हती. कॅसेट थांबवून आम्ही ऐकत बसलो. भाड्याचे तास चालू होते, पण कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

या मालिकेचे भाग फक्त बारा. सहा 1975 मध्ये, सहा थेट 1979 मध्ये. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनी ते लिहिले. ते एकेका भागावर आठवडेच्या आठवडे घालवत. बीबीसीत संहिता वाचून पाहणाऱ्याने सुरुवातीला ती नापसंत केली होती. पुढे 2000 मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने शंभर सर्वोत्तम ब्रिटिश कार्यक्रमांची यादी केली तेव्हा हीच मालिका पहिली आली. यादीचं मला तेवढं अप्रूप नाही. आजीला पटलेलं होतं, एवढं मला पुरतं.

आता जरा मागे जाते. 1948 साल. इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या मिलफर्डचं क्षयाचं सॅनेटोरियम. क्षयाचं सॅनेटोरियम म्हणजे काय, हे इथल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. महिनोन्‌महिने पडून राहायचं, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस उद्या असेल की नाही याची खात्री नाही. तिथे दोन पोरं होती, विशीही न गाठलेली. रे गॉल्टन आणि ॲलन सिम्प्सन. दोघांनाही रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमांचं वेड. अमेरिकन सैनिकांसाठीच्या प्रसारणातून येणारे कार्यक्रम ते ऐकत, एकमेकांना ऐकवत, कुठली जागा का जमली यावर बोलत बसत. मग सॅनेटोरियमच्याच छोट्या रेडिओसाठी त्यांनी लिहायला घेतलं.

बाहेर पडल्यावर हीच जोडी विनोदी नट टोनी हॅन्कॉकसाठी लिहू लागली. ‘हॅन्कॉक्स हाफ अवर’ 1954 मध्ये रेडिओवर आणि 1956 मध्ये टीव्हीवर आलं. 1962 मध्ये त्यांनी ‘स्टेप्टो अँड सन’ लिहिलं. लंडनमधले भंगारवाले बाप-लेक, एक घोडा, एक अंगण, एवढाच पसारा. मुलाला बाहेर पडायचंय, बाप सोडत नाही. ही मालिका इतकी लोकप्रिय झाली की 15 ऑक्टोबर 1964 च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशी मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांना काळजी पडली: लोक संध्याकाळी स्टेप्टो बघत घरी बसले तर मतं कोण देणार? त्यांनी बीबीसीकडे शब्द टाकला आणि त्या संध्याकाळचा भाग पुढे ढकलला गेला. विल्सन निसटत्या बहुमताने निवडून आले.

मला मात्र त्या दोन खाटाच दिसतात. ‘हे ऐकलंस का रे?’ असं एकाने दुसऱ्याला विचारलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

आता दुःखाची गोष्ट. ज्या मालिकांबद्दल मी एवढ्या प्रेमाने बोलतेय, त्यांतल्या कितीतरी आज अस्तित्वात नाहीत. त्या पुसून टाकल्या. 1960 च्या दशकात कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर नोंदले जात. फीत महाग, आणि पुसून पुन्हा वापरता येण्याजोगी. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रसारणावर मर्यादा होत्या. घरी कॅसेट लावून बघण्याची सोय नव्हती. रंगीत प्रसारण आल्यावर काळ्या-पांढऱ्या कार्यक्रमांना कोण विचारतंय, असा हिशेब झाला. ज्यांनी पुसलं त्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. पाटीवरचं गणित पुसावं इतक्या सहज त्यांनी ते पुसलं. बीबीसीने रीतसर जतनाचं धोरण धरलं ते 1978 च्या सुमारास. तोवर जायचं ते गेलं होतं.

पीटर कुक आणि डडली मूर यांच्या ‘नॉट ओन्ली बट ऑल्सो’चे बहुतेक भाग असेच गेले. फिती पुसणार असं कळल्यावर कुक यांनी नव्या फितींचे पैसे मी देतो, या ठेवा, असं सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. कलावंत स्वतःच्या खिशातून पैसे द्यायला उभा आहे, आणि नियमात बसत नाही!

मग जे उरलं ते कसं उरलं? ‘स्टेप्टो’चे 1970 मधले रंगीत भाग आज बऱ्याच अंशी काळ्या-पांढऱ्या रूपातच बघायला मिळतात, कारण गॉल्टन-सिम्प्सन यांनी त्या काळच्या साध्या यंत्रावर स्वतःसाठी प्रती काढून ठेवल्या होत्या. चित्र मळकट, कडा हलतात. पण बाप-लेकांचं भांडण ऐकू येतं. मॉन्टी पायथन या विनोदी चमूतले टेरी जोन्स सांगत, की आपल्या मालिकेच्या फिती पुसायला निघाल्याची कुणकुण लागल्यावर त्यांनीही घरच्या यंत्रावर प्रती उतरवून घेतल्या होत्या. ‘डॅड्स आर्मी’ या होमगार्डांच्या मालिकेचे 1969 मधले पाच भाग हरवले होते. त्यातले दोन 2001 मध्ये परत मिळाले. कुणीतरी फेकून दिलेल्या सामानातून उचलून ठेवलेल्या फिल्मच्या डब्यांत ते होते. तीन अजून मिळालेले नाहीत.

हे डबे उचलणारे, प्रती काढणारे लोक कोण? आपल्यासारखेच. 1993 पासून ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये हरवलेल्या आणि पुन्हा सापडलेल्या कार्यक्रमांचा मेळावा भरतो. लोक आपल्या पोटमाळ्यावर सापडलेली रिळं तिथे आणतात आणि अंधारात एकत्र बसून बघतात.

याच संदर्भात बॉब मंकहाउस यांचं नाव मला आदराने घ्यायचंय. स्वतः मोठे विनोदी नट, आणि त्याहून मोठे संग्राहक. मूकपटांची रिळं त्यांनी जन्मभर जमवली, टीव्हीवरचे कार्यक्रम वर्षानुवर्षं उतरवून घेतले, मित्रांना घरी बोलावून दाखवले. याच छंदापायी 1979 मध्ये त्यांना लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात उभं राहावं लागलं, सिनेमा वितरकांना फसवल्याच्या आरोपावरून. ते निर्दोष सुटले. 2003 मध्ये ते वारले. त्यानंतर त्यांच्या घरचा साठा तपासला तेव्हा हजारो कॅसेटींमध्ये असे कार्यक्रम निघाले की ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ज्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, त्यानेच हे धन सांभाळलं होतं. प्रती काढण्याचे कायदे असावेत, कलावंताला त्याचे पैसे मिळावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कुणाचाही गल्ला न मारता, निव्वळ जिव्हाळ्यापोटी मित्रांना पडद्यासमोर बसवणाऱ्याला चोरांच्या रांगेत बसवू नये, असं मला मनापासून वाटतं.

सिनेमांकडे वळते. मॉन्टी पायथनच्या मंडळींचा ‘लाइफ ऑफ ब्रायन’ चित्रीकरणाच्या तोंडावर असताना ईएमआय कंपनीने पैसे काढून घेतले. संहिता वाचून वरिष्ठ घाबरले. तेव्हा बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन पुढे आले, स्वतःचं घर गहाण ठेवलं आणि सुमारे चाळीस लाख डॉलर उभे केले. का? तर त्यांना तो सिनेमा बघायचा होता. 1979 मध्ये तो लागला. सिनेमाच्या तिकिटाला इतकी किंमत दुसऱ्या कुणी मोजली नसेल, असं पुढे सगळे म्हणत आले. मला त्यात चेष्टा दिसत नाही. आपल्याला जे हसणं हवंय ते जगाला मिळायला हवं, म्हणून घर गहाण टाकणारा माणूस मला समजतो. सरांनी प्रोजेक्टरसाठी बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. वहिनी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीनेच हे सांगतेय.

आपल्या गावच्या फिल्म सोसायटीचा तो सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर. शाळेचं सभागृह, खिडक्यांना सतरंज्या टांगलेल्या, आणि पडदा म्हणजे इस्त्री केलेलं धोतर. तेव्हा देशभरच्या सोसायट्यांना सिनेमे मिळायचे ते दूतावासांच्या सांस्कृतिक विभागांकडून, सोसायट्यांच्या फेडरेशनकडून किंवा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून. 1964 मध्ये ते संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते उभं केलं. नाशिकला फाळक्यांच्या घरी जाऊन त्यांच्या चित्रपटांची रिळं मिळवणारे हेच नायर. रिळं कपाटात कुलूपबंद ठेवण्यात त्यांना समाधान नव्हतं. कर्नाटकातल्या हेग्गोडू नावाच्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम संस्थेकडे ते सिनेमे पाठवत. सुपारीच्या बागा असलेल्या त्या खेड्यात शेतकऱ्यांनी ‘बायसिकल थीव्ज’ आणि ‘राशोमोन’ पाहिले. सायकल गेल्यावर माणसाचं काय होतं, हे त्यांना कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

आमच्याकडे एका पावसाळ्यात ‘द लेडीकिलर्स’ आला. 1955 चा, अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक यांचा. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळ एक म्हातारी एकटी राहते. तिच्या माडीवर एक जण भाड्याने राहायला येतो आणि सरावाच्या नावाखाली आणखी चौघांना बोलावतो. संगीताचे कलाकार म्हणवणारे हे पाचही जण दरोडेखोर. तबकडी लावून वाजवण्याचं सोंग करतात आणि दरोड्याचा बेत आखतात. त्यांचा म्होरक्या ॲलेक गिनेस. म्हातारी केटी जॉन्सन, वय पंचाहत्तरीच्या पुढे. तिला सगळं कळतं, आणि आता तिला मारायचं कुणी, यावर पाच जण चिठ्ठ्या टाकायला बसतात.

नेमका तिथे प्रोजेक्टरचा दिवा गेला. पट्‌कन आवाज झाला आणि धोतर काळं पडलं. दुसरा दिवा तालुक्याला, ज्यांनी आणून द्यायचा त्यांची मोटारसायकल ओढ्यापलीकडे अडकलेली. सव्वाशे माणसं अंधारात. कुणी उठेना. मग सरांनी कंदील लावला, धोतरासमोर उभे राहिले आणि पुढचा सिनेमा सांगायला लागले. कशी चिठ्ठी काढतात, कोण जिन्यावरून उतरतो, म्हातारी दाराशी पोपटांशी काय बोलते, मागे रेल्वेचा धूर कसा येतो. धूर दाखवायला त्यांनी धोतराच्या टोकाला हलकेच फुंकर मारली. टोळीतली दोन माणसं उरली तेव्हा सर थांबले. म्हणाले, “शेवट मी सांगणार नाही. तो तुम्ही बघायचा.” दिवा रात्री साडेअकराला आला. सगळे शेवट बघून घरी गेले. मी पुढे तो सिनेमा उत्तम प्रतीत, मोठ्या पडद्यावर पाहिला. चिठ्ठ्यांच्या प्रसंगाला मला अजूनही रॉकेलचा वास येतो.

दाखवण्याची एक रीत असते, ती मी सरांकडून शिकले. ‘आता बघ हं, आता मजा आहे’ असं म्हणायचं नाही. समोरचा हसला नाही तर विनोद समजावून सांगायचा नाही. पहिला भाग निवडताना माणूस बघून निवडायचा. माझे वडील कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून होते. त्यांना बेसिल फॉल्टी आवडला नाही, आरडाओरडा फार म्हणाले. मी त्यांना ‘येस मिनिस्टर’ दाखवलं. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेलं, 1980 पासूनचं. सचिव सर हम्फ्री मंत्र्याला कधी नाही म्हणत नाही. समिती नेमू म्हणतो, योग्य वेळी विचार करू म्हणतो, आणि एक वाक्य असं बोलतो की शेवटाला पोचेपर्यंत मंत्री सुरुवात विसरतो. मी त्या वाक्यांचा अर्थ सांगायला लागले तशी वडिलांनी मला गप्प केलं आणि स्वतःच मराठी करून टाकलं: “सदरहू प्रकरणी उचित कार्यवाही करण्याची तजवीज ठेवण्यात येत आहे.” घरातले सगळे हसले. वडील हसले नाहीत. म्हणाले, “हा आमचाच माणूस आहे. नोकरीला लागायच्या आधी बघायला मिळायला हवा होता.” 2001 मध्ये फारुख शेख यांना घेऊन ‘जी मंत्रीजी’ या नावाने त्याची हिंदी मालिका आली. वडिलांनी तिचा एकही भाग चुकवला नाही.

आवडलेलं सगळंच पुढे देण्याजोगं असतं असंही नाही. 1977 मध्ये सुरू झालेल्या ‘माइंड युवर लँग्वेज’वर लहानपणी आम्ही खूप हसलो. इंग्रजी शिकायला आलेले परदेशी लोक, त्यात आपलेही. मागच्या वर्षी नातीला दाखवायला घेतली. दहाव्या मिनिटाला तिने विचारलं, “आजी, ते चुकीचं बोलतात एवढंच हसायचं का?” मी बंद केली. तिचं बरोबर होतं. ‘फॉल्टी टॉवर्स’मधल्या स्पॅनिश वेटरलाही इंग्रजी धड येत नाही. पण तिथे आपण हसतो ते त्याच्यावर चिडणाऱ्या बेसिलला. हा फरक मला एवढी वर्षं दिसला नव्हता, तो दहा वर्षांच्या मुलीने दाखवला. दाखवायला बसलं की आपल्यालाही असं काही दिसतं.

आता शेवटचं. सरांच्या अखेरच्या महिन्यांत त्यांना फार बोलवत नव्हतं. मी दर रविवारी काहीतरी घेऊन जायचे. एका रविवारी मी त्यांना अठरा मिनिटांचा एक प्रवेश दाखवला. ‘डिनर फॉर वन’. फ्रेडी फ्रिंटन आणि मे वॉर्डन हे ब्रिटिश नट. एका जर्मन सूत्रसंचालकाने त्यांना ब्लॅकपूलच्या रंगमंचावर पाहिलं, त्यांना हॅम्बुर्गला बोलावलं, आणि 1963 मध्ये तिथल्या वाहिनीने प्रेक्षकांसमोर ते ध्वनिचित्रमुद्रित केलं. इंग्रजीतच. 1972 पासून दर 31 डिसेंबरला जर्मनीत ते दाखवलं जातं. घरोघरी लोक एकत्र बसून बघतात, ओळी तोंडपाठ म्हणतात. फ्रिंटन 1968 मध्येच गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. खुद्द ब्रिटनमध्ये टीव्हीवर ते दाखवलं गेलं 2018 मध्ये.

मिस सोफीचा नव्वदावा वाढदिवस. टेबलावर पाच जणांची मांडामांड. चार मित्र केव्हाच वारलेले. तरी त्यांची पानं मांडायची, त्यांचे पेले भरायचे, आणि त्यांच्या वतीने ते प्यायचे म्हाताऱ्या बटलरने. जमिनीवर वाघाचं कातडं, त्याचं डोकं वाटेत.

सरांनी हे कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना त्यांनी न पाहिलेलं काही दाखवत होते. मी पाच मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि मग खुर्ची तिरकी करून घेतली.

सगळं सांगत नाही. समितीच्या लोकांनी मागे प्रोजेक्टर लावून ठेवलाय, धोतराच्या जागी आता चांगला पडदा आहे. अठरा मिनिटं लागतील. खिडक्या लावून घ्या, आणि वहिनींना जरा मधोमध बसवा. त्यांनी अजून ते पाहिलेलं नाही. दिवे बंद करा.